‘नाही’ म्हणण्याआधी: आपल्या ग्रंथालयाची तालिका देशाच्या जाळ्याला कशी जोडावी

जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंधिका लिहिणारी एक विद्यार्थिनी तीन आठवडे आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकच पुस्तक मागत होती. पुस्तक जुनं, बाजारात मिळत नव्हतं. मी आमच्या संगणकावर शोधलं, मिळालं नाही, आणि तिला पुण्याला जाऊन पाहा असं सांगितलं. तिला दोन वेळा एसटीचा प्रवास पडला आणि पुस्तक तरीही मिळालं नाही. वर्षभरानं शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयात कार्यक्रमाला गेले होते. तिथल्या काचेच्या कपाटात, कापडी बांधणीत, तेच पुस्तक होतं. आमच्यापासून बावीस किलोमीटरवर. तोवर तिची प्रबंधिका सादर होऊन गेली होती.

त्या वाचनालयात पुस्तक आहे हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता आणि आमच्याकडे काय आहे हे त्यांना कळायला नव्हता. दोन्हीकडच्या नोंदी आपापल्या वहीत आणि आपापल्या संगणकात बंद होत्या. त्यानंतर आमची तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींची यादी, मी टप्प्याटप्प्यानं बाहेर आणली. ते करताना जे शिकले ते इथं लिहिते आहे. तालुक्याच्या गावी, एका मदतनिसाच्या भरवशावर ग्रंथालय चालवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हा लेख आहे.

कोणाकडे काय मिळतं

आधी एक घोळ दूर करू. ‘राष्ट्रीय नेटवर्क’ म्हणून एकच खिडकी नाही. कामं वाटलेली आहेत.

इन्फ्लिबनेट ही विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था. १९९१ साली तिची सुरुवात पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या केंद्रातला एक प्रकल्प म्हणून झाली. १९९६ मध्ये ती स्वतंत्र केंद्र झाली आणि आज गांधीनगरला आहे. तिच्या ‘इंडकॅट’ या संयुक्त तालिकेत, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या एकत्र यादीत, प्रामुख्यानं विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या नोंदी आहेत. ‘सोल’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं भांडार आणि महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी ‘एन-लिस्ट’ ही तिचीच कामं.

डेलनेट १९८८ साली दिल्लीतल्या ग्रंथालयांचं जाळं म्हणून उभं राहिलं. पुढे ते देशभर पसरलं आणि नावातलं ‘दिल्ली’ जाऊन ‘डेव्हलपिंग’ आलं. छापील पुस्तक प्रत्यक्ष मागवायचं असेल, म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेव करायची असेल, तर महाविद्यालयाला सगळ्यात उपयोगी हेच. सार्वजनिक वाचनालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर आहे. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झालं. तिथं नोंदणी करून कोणीही शोधू शकतं.

विद्यापीठात असाल तर इंडकॅट, संलग्न महाविद्यालयात असाल तर डेलनेट आणि एन-लिस्ट, गावच्या वाचनालयात असाल तर ई-ग्रंथालय किंवा ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर. इथून सुरुवात करा.

सुरुवात कपाटापासून

सदस्यत्वाचा अर्ज भरायची घाई करू नका. जी नोंद बाहेर जाणार, ते पुस्तक मांडणीवर असलंच पाहिजे. दाखलनोंद वही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितो ती वही, घ्या, मदतनिसाला कपाटापाशी उभं करा आणि एकेक दाखल क्रमांक पडताळा. गहाळ, निर्लेखित (म्हणजे नोंदीतून काढून टाकलेलं), बांधणीला गेलेलं, विभागात कायमचं अडकलेलं, अशी प्रत्येकाची खूण करा. आमच्याकडे हे काम उन्हाळी सुट्टीत सहा आठवडे चाललं. कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. जालन्याच्या एखाद्या ग्रंथपालानं तुमच्या नोंदीवर विश्वास ठेवून पुस्तक मागवलं आणि तुम्ही ‘सापडत नाही’ म्हणून कळवलंत, तर पुढच्या वेळी तो तुमचं नाव वगळून पुढे जाईल.

नोंदी सुधारायला कुठून लागायचं? दाखल क्रमांक एकपासून सुरू करू नका. पाठ्यपुस्तकांच्या चाळीस-चाळीस प्रती आणि मार्गदर्शिका सर्वांकडे आहेत. जे फक्त तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे ते आधी घ्या: जिल्ह्याचा इतिहास, स्थानिक लेखकांची स्वखर्चानं छापलेली पुस्तकं, गौरवग्रंथ, संस्थांच्या स्मरणिका, बांधलेली जुनी मासिकं, दिवाळी अंक, बोलीभाषांतलं साहित्य. अशा पाचशे नोंदी नीट झाल्या तरी तुम्ही जाळ्याला पाच हजार पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त दिलंत.

नोंद कशी असावी: इथंच सगळं घडतं किंवा बिघडतं

सोल, कोहा किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, नोंद ‘मार्क २१’ या साच्यात असली पाहिजे. या साच्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं घर आहे. १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाम, ०२० मध्ये आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, २६० किंवा २६४ मध्ये प्रकाशन, ०८२ मध्ये विषयवार मांडणीचा ड्युई वर्गांक, ६५० मध्ये विषय. माहिती चुकीच्या घरात असेल तर संयुक्त तालिकेत ती दिसणारच नाही. अनेक ठिकाणी लेखकाचं नाव ग्रंथनामाच्याच घरात तिरप्या रेघेनंतर टाकलेलं असतं आणि १०० रिकामं असतं. तपासणी तिथून सुरू करा.

आता कोहा वापरणाऱ्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नवी नोंद उघडली की ००८ हे घर आपोआप भरलेलं येतं, आणि त्यात भाषा इंग्रजी, देश अमेरिका असा मजकूर असतो. तो कोणी बदलत नाही. मग पुण्यात छापलेलं मराठी पुस्तक अमेरिकेत छापलेलं इंग्रजी पुस्तक म्हणून देशभर फिरतं आणि ‘फक्त मराठी’ असा गाळणा लावून शोधणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. या घरात ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा संकेत असतो. मराठीसाठी तो एम-ए-आर. १५ ते १७ वर देश, भारतासाठी आय-आय. साच्यातच हे बदल एकदा करून ठेवा. आमच्याकडच्या नोंदी तपासल्या तेव्हा जवळजवळ सगळी मराठी पुस्तकं इंग्रजी ठरलेली होती. मदतनिसाला काही वेळ विश्वासच बसेना.

मराठी नावांचा प्रश्न याहून मोठा. आमच्या एकाच संगणकात ‘पु.ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु ल’, ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण’ असे चार लेखक होते. वाचकाला एक माणूस दिसतो, यंत्राला चार. एक पद्धत ठरवा: आडनाव, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येकापुढे पूर्णविराम आणि एक मोकळी जागा. ती कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. टोपणनावाला पुस्तकावर जे नाव तेच लेखकाच्या घरात द्या आणि अधिकृत नावांच्या फाइलमधून दुसऱ्या नावाकडे ‘हेही पाहा’ असा दुवा द्या. कवितासंग्रहावर ‘कुसुमाग्रज’ आणि नाटकावर ‘वि. वा. शिरवाडकर’ असेल तर दोन्ही नावं राहू द्यावीत, फक्त एकमेकांना जोडावीत.

जुनं शुद्धलेखन ही मराठीची खास अडचण. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार छापलेले आहेत. तालिकाकाराचा नियम असा की मुखपृष्ठामागच्या नामपृष्ठावर जसं छापलं तसंच २४५ मध्ये उतरवायचं. तसंच उतरवा, तो पुस्तकाच्या ओळखीचा भाग आहे. पण आजचा विद्यार्थी ‘काही’ असं टंकणार आणि संगणकाला हे दोन वेगळे शब्द. म्हणून २४६ या पर्यायी ग्रंथनामाच्या घरात आजच्या लेखनाप्रमाणे तेच नाव पुन्हा लिहा. एका पुस्तकाला अर्धं मिनिट लागतं. मला विचाराल तर या सगळ्या लेखातलं सर्वात मोलाचं अर्धं मिनिट हे आहे. जुनी मराठी पुस्तकं हरवलेली नाहीत, त्यातली कित्येक एका टिंबामागे दडलेली आहेत.

मग अक्षरांचा प्रश्न. ‘शेतकऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ, हलंत आणि य, किंवा साधा र, हलंत, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात वेगळे. ‘ॲ’चंही तसंच. कोणी हिंदी कळफलकावरचा ‘ऍ’ वापरतं, कोणी अ वर चंद्र देतं. कार्यालयातल्या सर्व संगणकांवर एकच मराठी इनस्क्रिप्ट कळफलक बसवा आणि जुन्या नोंदींत शोधा-बदला करून एक रूप करा.

२००० च्या आसपास ज्यांनी संगणकीकरण केलं त्यांच्याकडे बहुधा युनिकोड या सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेताआधीच्या फाँटमधल्या नोंदी आहेत. तो फाँट काढला की सगळी रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. रूपांतरक वापरून त्या युनिकोडमध्ये आणा, पण रूपांतरकावर विसंबू नका. निदान शंभर नोंदी छापून घ्या आणि पुस्तकासमोर धरून वाचा. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकणं, रफार उडणं, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ तुटणं या ठरावीक चुका आहेत. एक प्रकार सापडला की सगळ्या नोंदींत तो एकदम दुरुस्त होतो.

तयार नोंद उचलणं

प्रत्येक नोंद हातानं करायची गरज नाही. कोहात आणि इतर चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘झेड ३९.५०’ नावाची सोय असते. दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेत शोधायचं आणि तयार नोंद आपल्याकडे उतरवायची. इंग्रजी पुस्तकांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस पुरेशी आहे.

मराठी पुस्तकांसाठीही तिथं शोधा, हे अनेकांना सुचत नाही. १९६२ पासून ‘पीएल ४८०’ या अमेरिकी सरकारच्या योजनेखाली अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतातून पुस्तकं विकत घेतली जाऊ लागली, आणि त्यात मराठी पुस्तकंही होती. म्हणजे साठच्या दशकातल्या, इथं कोणाच्या तालिकेत नसलेल्या मराठी पुस्तकाची उत्तम नोंद वॉशिंग्टनमध्ये असू शकते. शिकागो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांनाही हे सांगण्यासारखं आहे. त्यांच्या जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी कपाट असण्याची बरीच शक्यता आहे आणि ‘वर्ल्डकॅट’ या जगभरच्या ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत ते पाहता येतं.

फक्त तिथलं रोमन लेखन वेगळं आहे. आपण आडनाव बोलतो तसं रोमनमध्ये लिहितो, ते देवनागरीतलं प्रत्येक अक्षर उतरवतात, न उच्चारलेल्या ‘अ’सह. ‘शिरवाडकर’मधल्या र, ड, क आणि शेवटच्या र या प्रत्येकापुढे ए येतो. ‘श’साठी एस-एच नसतं, नुसता एस आणि त्यावर खूण. शोधताना खूण सोडून दिली तरी चालते, ए मात्र सोडू नका. ‘काहीच सापडत नाही’ म्हणून हा मार्ग सोडून दिलेले कितीतरी ग्रंथपाल मला भेटले. अडचण एवढीच होती.

उतरवलेली नोंद पुस्तकाशी ताडून पाहा. आवृत्ती वेगळी असते, पृष्ठसंख्या वेगळी असते. आयएसबीएन जुळला म्हणून पुस्तक तेच असं समजू नका. एकच क्रमांक दोन वेगळ्या मराठी पुस्तकांवर छापलेला मी पाहिला आहे. जुन्या पुस्तकांना तर तो नसतोच.

नोंदी बाहेर पाठवणं

तयार नोंदी ‘आयएसओ २७०९’ या प्रकारच्या फाइलमध्ये निर्यात करा. सोल आणि कोहा दोन्हींत ही सोय आहे. पाठवण्याआधी ‘मार्कएडिट’ या मोफत साधनात ती उघडा. तीन गोष्टी पाहा. नोंदीच्या शिरोभागातलं नववं स्थान, शून्यापासून मोजून. तिथं ‘ए’ हे अक्षर हवं, म्हणजे मजकूर युनिकोड आहे असं पुढच्या यंत्राला कळतं. ते रिकामं राहिलं तर देवनागरीचा चुराडा होतो. दुसरं, लेखक आणि ग्रंथनाम रिकामं असलेल्या नोंदी वेगळ्या काढा. तिसरं, एकच पुस्तक दोनदा गेलंय का ते.

पहिल्यांदा पन्नासच नोंदी पाठवा. संयुक्त तालिकेत त्या कशा दिसतात ते तिथं जाऊन स्वतः शोधा, मग उरलेल्या पाठवा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी नव्या नोंदी आणि निर्लेखित पुस्तकांची यादी पाठवायची. ही दुसरी यादी बहुतेक जण विसरतात.

पुस्तक मागवणं आणि देणं

सदस्यत्व घेतलेली पण एकही पुस्तक न मागवलेली महाविद्यालयं मी पाहिली आहेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात पावती लागते, काम संपतं. वर्गणी भरलीच आहे, तर वापरा.

वाचकानं मागणी केली की आधी आपल्या तालिकेत दोन-तीन प्रकारच्या लेखनानं शोधा. मग संयुक्त तालिकेत. पुस्तक सापडलं की संस्थेच्या खात्यातून मागणी नोंदवा. त्यात आवृत्ती आणि वर्ष जरूर लिहा, कारण संशोधकाला बऱ्याचदा एकच आवृत्ती हवी असते. पुस्तक टपालानं येईल. पार्सल उघडताच पुस्तकाची स्थिती पाहा आणि फाटलेलं पान असेल तर त्याच दिवशी देणाऱ्या ग्रंथालयाला कळवा. पुस्तकाची जबाबदारी मागवणाऱ्या ग्रंथालयाची असते, विद्यार्थ्याची नाही. म्हणून मी अशी पुस्तकं घरी देत नाही, वाचनकक्षातच वाचायला देते. विद्यार्थी थोडे नाराज होतात, पण दुसऱ्याचं पुस्तक आहे हे समजावलं की ऐकतात.

त्यासाठी वेगळी वही ठेवा. मागणीची तारीख, वाचक, देणारं ग्रंथालय, आल्याची तारीख, परतीची मुदत, स्पीड पोस्टचा क्रमांक, टपालखर्च. खर्च कोणी सोसायचा हे ग्रंथालय समितीत आधीच ठरवून घ्या. आमच्या समितीनं तो वाचनालय शुल्कातून करायला मान्यता दिली, म्हणून गरीब घरचा विद्यार्थी मागणी करताना कचरत नाही.

आपल्याकडे मागणी आली तर दोन दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवा. दुर्मीळ आणि जीर्ण पुस्तक बाहेर पाठवू नका. त्याऐवजी हव्या त्या पानांची प्रत देता येईल का ते पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी अभ्यास आणि संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा देतं. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, सार्वजनिक ग्रंथालयाच्या वापरासाठी, तीनपर्यंत प्रती काढायची तरतूदही त्याच कलमात आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटलेली असतील तर हक्क संपलेला असतो. पूर्ण पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपच्या गटात टाकणं यात बसत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

कुठंच सापडलं नाही तर? १९५४ च्या कायद्यानं भारतातल्या प्रकाशकांनी पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा, दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय इथं पाठवणं बंधनकारक आहे. सगळेच पाठवतात असं नाही, तरी मराठी पुस्तकासाठी मुंबईत टाउन हॉलच्या इमारतीतल्या या ग्रंथालयात चौकशी केल्याशिवाय शोध सोडू नये.

ई-साधनं

याबद्दल भरपूर लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. अनुदानित महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आहे. महाविद्यालयानं नोंदणी करून प्रत्येक शिक्षक-विद्यार्थ्याचं खातं उघडून द्यायचं असतं. खाती उघडली की वर्गात जाऊन पंधरा मिनिटं प्रत्यक्ष शोधून दाखवा, नाहीतर ती पडून राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी. त्याचं काम इन्फ्लिबनेटकडेच आहे. आपली संस्था यादीत आहे का ते आधी पाहा. शोधगंगा मात्र कोणालाही खुली आहे, सदस्यत्व लागत नाही. तिथले मराठी प्रबंध ही मोठी ठेव आहे. पुस्तक मिळालं नाही तरी त्या विषयावरच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीतून दुसरी चार पुस्तकं कळतात.

बावीस किलोमीटरचं जाळं

मराठीच्या दृष्टीनं मला जिल्ह्याचं जाळं देशाच्या जाळ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि जुनी मराठी पुस्तकं बहुतांशी त्यांच्याच कपाटांत आहेत.

कोहाची एकच स्थापना अनेक ग्रंथालयांना शाखा म्हणून वापरता येते. सॉफ्टवेअर मोफत आहे, सर्व्हरचं भाडं वाटून घेता येतं. ‘कोहा’ हा न्यूझीलंडच्या माओरी भाषेतला शब्द, अर्थ भेट, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीवही असते. आपल्या ‘देवघेव’ला इतका जवळचा शब्द मला दुसरा माहीत नाही. आम्ही तीन वाचनालयं आणि एक महाविद्यालय मिळून सुरुवात केली. लेखी करार एका पानाचा: कोण किती पुस्तकं देणार, किती दिवस, हरवलं तर काय, टपाल की एसटीचं पार्सल. नोंदींची पद्धत सर्वांची एकच, तो काचेखालचा कागद चारही टेबलांवर आहे. दोन वाचनालयांत इंटरनेट अधूनमधून असतं. तिथली नोंद वहीत होते आणि शनिवारी आमची मदतनीस ती चढवते.

ओव्यांच्या त्या पुस्तकाची नोंद मी स्वतः केली. नामपृष्ठावर जसं छापलं आहे तसं, अनुस्वारांसकट, आणि खाली २४६ मध्ये आजच्या लेखनात. भाषा मराठी, देश भारत. गेल्या श्रावणात नांदेडहून एकीनं ते मागवलं. वाचनालयानं चौथ्या दिवशी पाठवलं.